जमिनीवरचा दाब, जमिनीतला भार

१९५८ साली कापणी-मळणीचं कंबाइन हार्वेस्टर धान्यानं भरलेलं असताना साधारण ४ टन वजनाचं असायचं. २०२० सालापर्यंत त्याचं वजन ३६ टनांच्या आसपास गेलं. म्हणजे नऊपट झालं. तरीही टायरच्या थेट खाली जमिनीला जो दाब सोसावा लागतो, तो या सगळ्या काळात फारसा बदलला नाही, कारण यंत्र जसजसं जड होत गेलं तसतसे टायर रुंद होत गेले आणि त्यांतली हवा कमी होत गेली. थॉमस केलर आणि दानी ऑर या मृदाशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये हा हिशोब मांडला, तेव्हा त्याची दुसरी बाजूही दाखवली. पृष्ठभागावरचा दाब आटोक्यात राहिला, पण नांगराचा फाळ जिथं पोचत नाही त्या खालच्या थरातला दाब वर्षागणिक वाढत गेला. जगातल्या पिकाखालच्या सुमारे २० टक्के जमिनीत हा खालचा थर दबून घट्ट होण्याचा धोका मोठा आहे, असा त्यांचा अंदाज आहे.

साठ वर्षं जगभरचे अभियंते दाब कमी करत होते आणि त्यात यशस्वीही झाले. मग खालची माती का दबली? हे पुस्तक या प्रश्नातून उभं राहिलं आहे.

शाळेच्या विज्ञानात दाबाचं सूत्र एका ओळीत संपतं: बल भागिले क्षेत्रफळ. त्यावरून दोनच उपाय सुचतात. वजन घटवा, नाहीतर टेकायची जागा वाढवा. उंटाचा पसरट पाय, बर्फात चालायचे रुंद जोडे, खांबाखालचं फूटिंग, रुळाखालचा स्लीपर, रणगाड्याचा पट्टा ही सगळी दुसऱ्या उपायाची उदाहरणं आहेत. सूत्र बरोबरच आहे, पण ते वस्तू आणि जमीन जिथं एकमेकींना टेकतात त्या पातळीपुरतंच बोलतं. त्याखाली काय होतं, हे कळायला १८८५ साल उजाडावं लागलं. झोझेफ बुसिनेस्क या फ्रेंच गणितज्ञानं त्या वर्षी दाखवून दिलं की पृष्ठभागावर ठेवलेल्या भाराचा परिणाम खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरत जातो, आणि पुरेसं खोल गेलं की तो भार वर किती जागेवर टेकला होता याला महत्त्वच उरत नाही. उरतं ते फक्त एकूण वजन.

त्याच्या गणितानं एक उदाहरण सोडवून पाहू. एका चाकावर ५ टन भार आहे आणि ते पाव चौरस मीटर जागेवर टेकलं आहे. जमिनीवरचा दाब सुमारे २०० किलोपास्कल. आता टायर रुंद करून तीच जागा अर्धा चौरस मीटर केली, तर दाब निम्म्यावर, म्हणजे १०० वर येतो. जमिनीत १० सेंटिमीटरवर हा फरक जवळपास पूर्ण टिकून असतो: पहिल्या टायरखाली १९०च्या वर, दुसऱ्याखाली शंभराच्या आत. अर्ध्या मीटरवर हेच आकडे साधारण ६८ आणि ५२ होतात. एक मीटरवर २२ आणि २०. एवढी उठाठेव करून मीटरभर खोलीवर मिळाले ते फक्त दोन किलोपास्कल. याउलट टायर तोच ठेवून चाकावरचा भार निम्मा केला असता, तर मीटरभर खोलीवरचा दाब थेट ११ वर आला असता.

शेतजमिनीच्या संदर्भात हे नातं १९५० च्या दशकात जर्मनीच्या वॉल्टर झ्योने यांनी स्पष्ट केलं: वरच्या थराचं काय होणार हे टायरखालचा दाब ठरवतो, आणि खालच्या थराचं काय होणार हे ॲक्सलवरचं वजन. बैलाचं उदाहरण घ्या. उभ्या बैलाच्या खुराखालचा दाब ट्रॅक्टरच्या टायरखालच्या दाबापेक्षा कमी नसतो, बऱ्याचदा जास्तच असतो. पण बैलाचं एकूण वजन काही शे किलोंचं असल्यामुळे त्याचा परिणाम वरच्या काही इंचांत विरतो आणि पुढच्या नांगरटीत मोडून निघतो. दहा टनांच्या ॲक्सलचं तसं होत नाही. हा भेद ज्याच्या लक्षात आला, त्याला या पुस्तकातली पुढची सगळी वाट सोपी जाईल.

या विषयाचा इतिहास एका शास्त्राचा नाही. रस्ते बांधणारे, रेल्वेवाले, सैन्यातले अभियंते, इमारतींचे पाये घालणारे आणि शेतकरी, सगळ्यांनी आपापल्या चिखलात तो स्वतंत्रपणे सोडवायचा प्रयत्न केला आणि बहुतेक वेळा एकमेकांना न विचारता. इंग्लंडच्या पार्लमेंटनं १७५३ मध्ये कायदा केला की टोलच्या रस्त्यांवर चालणाऱ्या मालगाड्यांच्या चाकांची धाव किमान ९ इंच रुंद असावी. अरुंद चाक रस्ता चिरतं, रुंद चाक रोलरसारखं फिरून तो सपाट करतं, अशी कल्पना होती. दाब कायद्यानं कमी करायचा हा फार जुना प्रयत्न. पुढं जॉन मॅकॅडम यांनी प्रश्न उलटा धरला. वाहनाचं वजन शेवटी तळची मूळ माती पेलते, आणि ती कोरडी राहिली तर कितीही वजन पेलते, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी रस्ते बांधणाऱ्या टेलफर्डसारखी तळाशी मोठे दगड रचण्याची पद्धत नाकारली आणि बारीक फोडलेल्या खडीचा, पाणी खाली न जाऊ देणारा थर सुचवला. टेलफर्डचा भरवसा दगडावर होता, मॅकॅडमचा कोरड्या मातीवर. दोन्ही बाजूंचे वारस आजही आहेत. माझा कल मॅकॅडमकडे आहे, हे या पुस्तकात लपणार नाही.

त्याच सुमारास लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मधल्या चॅट मॉस या दलदलीतून लोहमार्ग न्यायचं काम जॉर्ज स्टीफन्सन यांच्यावर आलं. कुजक्या शेवाळाचा आणि पाण्याचा तो थर काही ठिकाणी दहा मीटरच्या आसपास खोल होता. टाकलेला भराव गिळला जायचा. तिथून आगगाडी जाणं अशक्य आहे, अशी साक्ष तज्ज्ञांनी पार्लमेंटच्या समितीपुढं दिली होती. स्टीफन्सननं तळ गाठायचा नाद सोडला. चर खणून पाणी काढलं, झुडपांच्या फांद्यांचे विणलेले तट्टे एकावर एक अंथरले आणि त्यावर मार्ग अक्षरशः तरंगत ठेवला. १५ सप्टेंबर १८३० रोजी तो सुरू झाला आणि आज त्यावरून विजेच्या गाड्या धावतात. भार मोठ्या जागेवर पसरणं, पाणी काढणं आणि भरावच हलका ठेवणं या तिन्ही युक्त्या तिथं एकत्र आल्या. तिसरी युक्ती तर पुढं फार काळ विसरली गेली. नॉर्वेच्या रस्ते विभागानं १९७२ मध्ये ऑस्लोजवळ मऊ जमिनीवरच्या भरावात मातीऐवजी फुगवलेल्या पॉलिस्टायरीनचे ठोकळे घातले, तेव्हा ती नव्या रूपात परतली. त्या ठोकळ्यांचं वजन तेवढ्याच मातीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास असतं.

रेल्वे हा भार उतरवत नेण्याचा माझ्या मते सर्वांत सुंदर नमुना आहे. चाक आणि रूळ जिथं टेकतात ती जागा जेमतेम एका चौरस सेंटिमीटरची. तिथला दाब पोलादालाच सोसवेल असा. रूळ तो काही स्लीपरांवर वाटतो, स्लीपर गिट्टीवर, आणि सुमारे फूटभर जाडीची गिट्टी मातीवर. मातीपर्यंत येताना तोच दाब हजारो पटींनी उतरलेला असतो. भारतात मुख्य मार्गांवर किलोमीटरला १६६० स्लीपर घालतात, म्हणजे दर ६० सेंटिमीटरला एक. नव्या मालवाहतूक मार्गिकांवर २५ टनांचा ॲक्सल धरला आहे, तोही याच पायऱ्यांच्या भरवशावर. आणि तरी मुंबईच्या पावसात लोकलचे रूळ खचतात, ते दाब वाढला म्हणून नव्हे. गिट्टीत चिखल भरतो, पाणी निघायची वाट बंद होते आणि खालची माती मऊ पडते.

पट्ट्याच्या वाहनांची गोष्ट कॅलिफोर्नियातल्या शेतांत सुरू होते, रणांगणावर नव्हे. स्टॉकटनजवळच्या नदीमुखातली काळी कुजकट माती इतकी भुसभुशीत होती की तिथल्या वाफेच्या ट्रॅक्टरांना प्रचंड रुंदीची चाकं जोडावी लागत, आणि तरी ते रुतत. बेंजामिन होल्ट यांनी नोव्हेंबर १९०४ मध्ये चाकांच्या जागी फिरता पट्टा लावून पाहिला आणि त्यातून पुढं कॅटरपिलर ही कंपनी उभी राहिली. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सॉमच्या लढाईत पहिले रणगाडे उतरले, तेव्हा पट्ट्याची कल्पना तोफा ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर आधीच रुळली होती. तेव्हापासून रणगाड्याचं वजन भागिले पट्ट्याचं क्षेत्रफळ हा आकडा प्रत्येक माहितीपत्रकात छापला जातो आणि तो बहुधा दिशाभूल करतो. पट्टा म्हणजे ताठ फळी नव्हे. वजन पट्ट्याच्या आतल्या चाकांखाली एकवटतं, दोन चाकांच्या मधे कमी होतं. ब्रिटिश अभियंते रोलंड यांनी १९७२ मध्ये सरासरीऐवजी प्रत्येक चाकाखालच्या कमाल दाबांची सरासरी धरा असं सुचवलं, तेव्हा सारख्या वजनाच्या आणि सारख्या पट्ट्याच्या दोन वाहनांतलं एक चिखलात का रुततं याचा उलगडा झाला. पट्ट्याचा ट्रॅक्टर किंवा हार्वेस्टर घेणाऱ्यानं विक्रेत्याला हा एक प्रश्न जरूर विचारावा.

वाहन आणि माती यांच्या नात्याचं शास्त्र म्हणून पहिली मांडणी पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढं कॅनडा व अमेरिकेत काम केलेल्या मिएचिस्वाफ बेकर यांची. त्यांचा मोठा ग्रंथ १९५६ चा. दाब किती आणि चाक किती रुतेल, यांचं नातं त्यांनी मातीच्या मोजता येणाऱ्या गुणांवरून बांधलं. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर जी गाडी चालवली, तिच्या तारांच्या जाळीच्या चाकांमागं हेच शास्त्र होतं.

शेतात रबरी टायर आला तो १९३२ च्या सुमारास, अमेरिकेत ॲलिस-चामर्सच्या ट्रॅक्टरवर. त्याआधी लोखंडी चाकांना दाते असत. हवेच्या टायरनं एक सोपी मोजपट्टी हाती दिली: टायरखालचा दाब साधारण आतल्या हवेच्या दाबाइतका, किंवा त्याहून थोडा जास्त. म्हणजे शेतात जाताना हवा कमी केली की वरच्या थराला लगेच आराम मिळतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या ‘डक’ ट्रकमध्ये चालकाला बसल्या जागी हवा कमीजास्त करता येत असे. वाळूच्या किनाऱ्यावर या सोयीचा फार उपयोग झाला. आज युरोपातल्या मोठ्या ट्रॅक्टरांवर ही सोय मिळते. आपल्याकडं मात्र रस्त्यावर भरलेली हवा तशीच शेतात उतरते, कारण हवा पुन्हा भरायची सोय बांधावर नसते. ही अडचण खरी आहे, आणि बांधावर चालणारा छोटा कॉम्प्रेसर त्यावरचा फार महाग उपाय नाही.

इमारतींच्या पायांची कहाणी शिकागोपासून सांगावी लागते. त्या शहराखाली मऊ चिकणमातीचा जाड थर आहे. फ्रेडरिक बाउमन यांनी १८७३ मध्ये एक पुस्तिका लिहून सांगितलं की प्रत्येक खांबाला स्वतंत्र पाया द्या आणि त्याचं क्षेत्रफळ त्याच्यावर येणाऱ्या भाराच्या प्रमाणात ठेवा, म्हणजे इमारत खचली तरी सगळीकडून सारखी खचेल. पुढं जॉन रूट यांनी १८८२ च्या मोंटॉक इमारतीत जुने रूळ आडवे-उभे रचून त्यांत काँक्रीट भरलं आणि कमी जाडीत रुंद पाया साधला. तरीही त्याच रूट यांचा मोनॅडनॉक हा उंच वाडा दीड फुटाहून जास्त खचला. इथंही खोलीचा तोच नियम होता. पायाखालच्या जमिनीत दाबाचा जो फुगा तयार होतो, तो पायाच्या रुंदीच्या साधारण दुपटीइतका खोल जातो. तिथं वरच्या दाबाचा दहावा हिस्सा तरी उरतो. एक मीटर रुंदीच्या फूटिंगचा फुगा दोन मीटरवर संपतो. दहा मीटर रुंदीच्या राफ्टचा, म्हणजे सगळ्या इमारतीखालच्या एकसलग पायाचा, फुगा वीस मीटरपर्यंत जातो, आणि तिथं मऊ थर असेल तर त्यालाही तो जागा करतो. राफ्ट घातलं म्हणून निश्चिंत झालेल्या कितीतरी बांधकामांची फसगत इथं झाली आहे.

या सगळ्याला पाया मिळाला तो कार्ल टेरझागी यांच्या १९२५ च्या ग्रंथानं. इस्तंबूलमध्ये शिकवताना त्यांनी साध्या उपकरणांवर जे प्रयोग केले, त्यांतून कळलं की ओल्या मातीवर टाकलेला भार आधी तिच्या पोकळ्यांतलं पाणी उचलतं. पाणी हळूहळू निघून जातं तसा तो भार मातीच्या कणांवर उतरतो, आणि तेव्हा माती दबते. चिकणमातीत याला वर्षानुवर्षं लागतात. त्यामुळे ‘ही जमीन किती दाब पेलेल’ या प्रश्नाला पाण्याचा उल्लेख न करता उत्तरच देता येत नाही. मेक्सिको सिटीला हे फार कठोरपणे कळलं. तळ्याच्या गाळावर वसलेल्या त्या शहरानं खालचं पाणी उपसलं आणि नवा भार न टाकताही जमीन कित्येक मीटर खाली गेली. तिथंच लिओनार्दो सेवाएर्त यांनी १९५६ च्या टोरे लॅटिनोअमेरिकाना या गगनचुंबी इमारतीसाठी खोल पाइल आणि पोकळ तळघर यांची सांगड घातली. तळघरासाठी जेवढी माती बाहेर काढली, तिच्या वजनाचा मोबदला इमारतीच्या वजनात वळता होतो. चौरस मीटरला तीन मीटर खोल माती काढली की पाच टनांच्या आसपास भार उतरतो, म्हणजे चार-पाच मजल्यांइतका. ती इमारत १९५७ आणि १९८५ चे भूकंप झेलून उभी आहे.

पिसाच्या मनोऱ्यानं तर नेहमीची समजूत पालटून टाकली. सुमारे साडेचौदा हजार टनांचं ते ओझं चौरस मीटरला पन्नास टनांच्या आसपास दाब देत होतं. तो वाचवायला गेलेल्यांनी १९९३ मध्ये त्याच्या न झुकलेल्या बाजूला आणखी ६०० टन शिसं ठेवलं, आणि पुढं १९९९ ते २००१ मध्ये त्याच बाजूच्या तळातून थोडी थोडी माती काढून घेतली. झुकाव सुमारे अर्ध्या अंशानं कमी झाला. दाब कुठं आहे आणि किती समान आहे, हा प्रश्न तो एकूण किती आहे याच्या इतकाच महत्त्वाचा.

इतकं वाचून कुणाला वाटेल की दाब कमी केला की भलंच होतं. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या ज्यांच्या घराला उन्हाळ्यात तिरकी भेग पडते, त्यांना विचारा. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वर ढकलते. एकमजली घर, कुंपणाची भिंत, शाळेचा ओटा हे सगळं इतकं हलकं असतं की माती त्यांना उचलते आणि वाळताना पुन्हा सोडून देते. तिथं रुंद पाया घालून दाब आणखी कमी करणं म्हणजे फुगणाऱ्या मातीला मोकळीक देणं. रूडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं यावर जे अंडर-रीम्ड पाइल रुळवले, त्यांचा विचार वेगळा होता. ऋतूंचा ओलावा जिथं पोचत नाही अशा साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल थरात जाऊन तळाशी फुगवटा करायचा, दांड्याच्या साधारण अडीचपट व्यासाचा. तो भार खाली पोचवतो आणि वरच्या ढकलीला नांगरासारखा धरूनही ठेवतो. मला हा भारतीय अभियांत्रिकीतला फार मोलाचा विचार वाटतो, आणि त्याबद्दल मराठीत लिहिलं गेलं पाहिजे असं पुष्कळ दिवस वाटत होतं.

दाब हवा असलेलेही लोक आहेत. धरणाचा भराव घालणारा अभियंता रोलर फिरवून माती घट्ट करतो; किती ओलाव्यावर ती सर्वांत घट्ट होते हे राल्फ प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये दाखवलं. कोकणातला शेतकरी चिखलणी करतो, तेव्हा खाली घट्ट थर बसावा आणि खाचरात पाणी टिकावं हीच त्याची इच्छा असते. न्हावा-शेवाच्या सागरी चिकणमातीवर बांधकाम करायचं असलं की आधी मुद्दाम भार रचून आणि पाणी निघायला उभ्या वाटा करून ती दाबून घेतात. त्याच प्रक्रियेला ऊस लावणारा नुकसान म्हणतो. म्हणून या पुस्तकात दाब हा शत्रू मानलेला नाही.

रस्त्यांवर अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान इलिनॉयमध्ये मोठी चाचणी झाली. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सतत ट्रक फिरवले गेले आणि निष्कर्ष आला की रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताप्रमाणे वाढते. भार दुप्पट, झीज सोळापट. भारतात २०१८ मध्ये चार टायरांच्या एकेरी ॲक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ तेरा टक्क्यांची दिसते. चौथा घात लावला की त्या ॲक्सलच्या प्रत्येक फेरीची झीज साठ टक्क्यांनी वाढते. ट्रकला आणखी एक ॲक्सल जोडणं हा इथला खरा उपाय आहे, आणि तो वाहतूकदाराच्या खर्चात दिसतो, तर झीज सगळ्यांच्या कराच्या पैशात. धोरण ठरवणाऱ्यांनी हे दोन खर्च एका कागदावर मांडावेत, अशी माझी इच्छा आहे.

शेतीत आज दोन विचार एकमेकांसमोर उभे आहेत. एक म्हणतो, भार पसरा: दुहेरी चाकं, रुंद टायर, कमी हवा, पट्टे. दुसरा म्हणतो, पसरूच नका. एकाच वाटेवर गोळा करा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये रुजलेली नियंत्रित वाहतुकीची शेती हा दुसरा विचार. सगळ्या यंत्रांची चाकं दरवर्षी त्याच ठरलेल्या पट्ट्यांवरून जातात, उपग्रहाच्या मार्गदर्शनानं, आणि मधल्या जमिनीवर कधीच चाक येत नाही. चाकाखालची वाट हवी तेवढी दगडासारखी होऊ दे. उलट तशी झाली तर पावसानंतर लवकर शेतात जाता येतं. खरं तर शेतात रेल्वे आणण्याची ही कल्पना आहे. केलर आणि ऑर यांचा एक तर्क मला इथं आठवतो. कित्येक टनांचे अवाढव्य शाकाहारी डायनोसॉर आपल्याच चरण्याची जमीन दाबून नापीक का करत नव्हते? कदाचित ते ठरावीक वाटांवरूनच चालत आणि लांब मानेनं आजूबाजूचं खात. हे सिद्ध झालेलं नाही, पण विचार करण्याजोगं आहे.

हे सगळं आत्ता मराठीत आणायचं कारण उसाच्या फडात आहे. पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगाम सुरू होतो तेव्हा पाऊस नुकताच संपलेला असतो आणि खालची माती ओली असते. आधी टायरगाडी आली, मग दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर फडात शिरला, आणि आता ऊसतोड मजूर मिळेनासे झाल्यामुळे तोडणी यंत्रं येत आहेत. त्यासाठी सरकारी अनुदानही आहे. मी या यंत्रांच्या विरोधात नाही. ऊसतोड कामगाराच्या पाठीवरचं ओझं उतरलंच पाहिजे. पण ते उतरून जमिनीच्या खालच्या थरात जाऊ नये, याची काळजी आत्ताच घेता येईल, नंतर नाही. स्वीडनच्या इंगे होकान्सन यांनी अनेक देशांत १० टनांच्या ॲक्सलनं ज्या चाचण्या घडवून आणल्या, त्यांत नांगराखालच्या थराचं दबणं वर्षानुवर्षं टिकलेलं दिसलं. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ती काही प्रमाणात स्वतःला मोकळं करते, हा तिचा मोठा गुण. मात्र बारमाही पाण्याखालच्या उसात तिला तेवढं वाळायला मिळतच नाही. खोडवा घेणाऱ्याला त्याची किंमत फुटव्यांत मोजावी लागते. पाणी मुरायचं थांबतं, ते वरून वाहून जातं आणि खतही घेऊन जातं.

आणि यातला सर्वांत स्वस्त उपाय आपल्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. वाफसा आल्याशिवाय रानात औत घालायचं नाही. माती ओली असताना तिची ताकद घटते आणि फ्रोलिश यांनी १९३४ मध्ये मांडल्याप्रमाणे तिच्यातला दाब चाकाच्या थेट खाली जास्त एकवटून आणखी खोल जातो. चार दिवस थांबल्यानं जे साधतं, ते कोणताही टायर देऊ शकत नाही. अडचण अशी की कारखान्याच्या तोडणीच्या तारखा वाफशावर ठरत नाहीत. त्या ठरू शकतात का, यावर पुस्तकात बराच खल केला आहे, कारण माझ्या मते महाराष्ट्रातला हा प्रश्न टायरपेक्षा वेळापत्रकाचा जास्त आहे.

पुस्तकाचा हेतू मर्यादित आहे. स्थापत्यवाले शेतीच्या मातीविषयी वाचत नाहीत, शेतीवाले पायांविषयी वाचत नाहीत, आणि वाहनवाल्यांची भाषा या दोघांना परकी वाटते. हे तिघे एकाच मातीकडे वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहतात, तेव्हा त्यांना एका खोलीत बसवणं एवढंच मला करायचं होतं. गणित कमीत कमी ठेवलं आहे. बुसिनेस्कचं सूत्र मात्र सोडलं नाही, कारण ते एकदा हातानं सोडवलं की विषय डोळ्यांसमोर उभा राहतो. एकक सगळीकडे किलोपास्कल आहे. जुन्या सवयीनं विचार करणाऱ्यांनी १०० किलोपास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असं धरावं. समुद्रातल्या तेलविहिरींचे पाये, बर्फावरचे रस्ते आणि विमानतळांच्या धावपट्ट्या हे मी घेतलेले नाहीत. त्यांची गणितं वेगळी आहेत आणि त्यांना न्याय द्यायला इथं जागा नव्हती.

ज्यांच्याकडे शेत आहे त्यांना एक विनंती. वाचायला बसण्यापूर्वी वाफशावर आलेल्या रानात दोन खड्डे घ्या, दीड-दोन फूट खोल, एक ट्रॉलीच्या चाकोरीत आणि एक तिच्यापासून चार पावलांवर. कुदळ कोणत्या खोलीवर अडते ते पाहा, ढेकूळ हातात फोडून बघा की ते गोल दाण्यांत सुटतं की आडव्या पाट्यांत, आणि मुळं कुठपर्यंत सरळ जाऊन कुठं आडवी वळली आहेत हे वहीत टिपून ठेवा. शेतीवरच्या भागात मी या नोंदींचाच आधार घेतला आहे, आणि तिथले तक्ते तुमच्या स्वतःच्या आकड्यांनी भरण्यासाठी रिकामे सोडले आहेत.